बार्लोचं गाव

अहो, तुमचा जेम्स बहुतेक नव्हताच. हे तुम्हाला कसं सांगावं तेच मला कळत नाहीये. तुम्हाला मातीआड करून अजून माती खालीही बसली नाही, तोवर ही बातमी माझ्याकडे चालत आली, आणि ऐकायला तुम्ही नाहीत. एवढी वर्षं घरात बातमी मी आणायची आणि तुम्ही पेपरातून डोकं न काढता ‘हं’ म्हणायचं. त्या ‘हं’चा मला किती राग यायचा! आज तो ऐकायला मी काय वाट्टेल ते देईन.

भर दुपारी मेणबत्ती लावून स्वयंपाकघरात बसलेय. तेलाच्या विहिरी जळताहेत आणि आभाळ तव्याच्या बुडासारखं झालंय. युनिफॉर्म गॅलरीत वाळत घातला तर काळ्या ठिपक्यांचा होऊन आत येतो, म्हणून आता न्हाणीघरातच दोरी बांधलीय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, सुमे, दोरी वाकडी बांधलीस. वाकडीच आहे. राहू दे.

तुमचं ते वेड पहिल्यांदा मी पाहिलं ते लग्नानंतर. नगरजवळच्या तुमच्या गावी नेलंत, आणि देवळाच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, मागच्या बाजूला निवडुंगात शिरलात. नवी नवरी मी, नवं लुगडं काट्यांत अडकतंय, आणि तुम्ही एका दगडावरची माती रुमालाने पुसताय. ‘सॅम्युएल जेम्स बार्लो. सुतार. जन्म इंग्लंड.’ बाकीचं झिजलेलं. तुम्ही म्हणालात, हे माझे पणजोबा. मी म्हटलं, बरं. आणखी काय म्हणणार?

मग ती गोष्ट सांगितलीत, जी पुढे मला इतक्यांदा ऐकावी लागली की पाहुण्यांपुढे तुम्ही अडखळलात तर मी पुढचं वाक्य पुरवायची. इंग्लंडातलं एक पोरगं, सुतारकाम शिकलेलं, बोटीत बसून अमेरिकेला गेलं. तिथे ओहायोत घरं बांधली. मग तिकडच्या मिशनऱ्यांनी, शाळा नि देवळं बांधायला सुतार हवा, म्हणून त्याला आपल्या मुलखात आणलं. इथे येऊन त्याने मिशनच्या शाळेतल्या एका मराठी मुलीशी लग्न केलं, म्हणून मिशनने त्याला कामावरून काढलं. मग तो गावोगाव बैलगाड्या आणि पाळणे करत हिंडला आणि पटकीत मेला. गावात सगळे त्याला शमुवेलसाहेब म्हणत. त्याचा दानियल, दानियलचे येशुदास, आणि येशुदासांचे तुम्ही, भास्कर. घारे डोळे आणि बार्लो आडनाव एवढीच इस्टेट खाली उतरत तुमच्यापर्यंत आली. शाळेत पोरं तुम्हाला ‘साहेबाचं उरलेलं’ म्हणायची, हे मला तुम्ही नाही, तुमच्या बहिणीने सांगितलं.

आपल्याला मूलबाळ झालं नाही. त्याबद्दल तुम्ही मला कधी एका शब्दाने बोलला नाहीत. पण डॉक्टरांनी आशा सोडायला सांगितलं त्यानंतरच तुमची ती पत्रं सुरू झाली, हे मला दिसत होतं बरं का. पुढे कोणी नाही म्हटल्यावर माणूस मागे बघणारच.

आणि ते सुरू व्हायला आपल्याला कुवेतला यावं लागलं. मला जाब्रियाच्या हॉस्पिटलात नोकरी, तुम्हाला कुवेत सिटीत कंपनीच्या स्टोअरमध्ये, आणि शुक्रवार सगळा मोकळा. लोक शुक्रवारी फहाहीलच्या बाजारात जायचे, समुद्रावर जायचे. आपण टेबलावर मेणकापड घालून टाइपरायटर मांडायचा. इंग्लंडातल्या चर्चच्या पाळकांना पत्रं, अमेरिकेतल्या कचेऱ्यांना पत्रं. निम्म्यांची उत्तरं यायची नाहीत. जी यायची ती घेऊन तुम्ही अख्खं घर डोक्यावर घ्यायचात.

त्यात ओहायोच्या त्या म्हाताऱ्या ग्रंथपालबाई म्हणजे तर तुमची देवदूतच. त्या बाईंनी कुठून कुठून शोधून शमुवेलची बोट काढली, तो उतरला ते बंदर काढलं, त्याचं पहिलं काम काढलं. आणि मग त्यांनी साधं विचारलं, की इंग्लंडातलं गाव शोधायचं तर मुलाच्या वडिलांचं नाव हवं, ते तुम्हाला माहीत आहे का? तुम्ही किती हसलात त्या दिवशी! म्हणालात, एवढी शिकलेली बाई, आणि बापाचं नाव मधे लिहिलेलं हिला दिसत नाही! मीही हसले. सॅम्युएल जेम्स बार्लो. म्हणजे जेम्सचा शमुवेल. शेंबड्या पोराला कळेल. आणि तुम्ही उलट टपालाने कळवलंत, वडील जेम्स, खात्रीलायक.

तेव्हापासून सगळं जग जेम्स शोधायला लागलं. तुम्ही, त्या बाई, इंग्लंडातले पाळक. जेम्स बार्लो सापडायचे, पण त्यांना शमुवेल नसायचा. शमुवेल सापडायचे, पण त्यांचा बाप जेम्स नसायचा. तुम्ही मान हलवून कागद बाजूला ठेवायचात. “आपला नाही.”

आपलं भांडण मात्र वेगळंच होतं, आठवतंय? मी म्हणायची, शमुवेलची बायको राहेल, तिचा बाप कोण ते आधी शोधा की. ती तर नेवाशाकडची, इथलीच. बोट नको, बंदर नको, एसटीने जाऊन येता येईल. तिचं बाप्तिस्म्याआधीचं नावसुद्धा तुमच्या घरात कोणाला माहीत नाही. तुम्ही म्हणायचात, तिचं कुठे काही लिहिलेलं नाही गं, सगळीकडे राहेल शमुवेल बार्लो एवढंच. मी म्हणायची, म्हणजे लग्न झालं की बाईचा बाप पुसला, त्या जागी नवरा लिहिला, आणि तुम्ही निघालात साहेबाचा बाप शोधायला. यावर तुम्ही चहा मागायचात. त्या भांडणाचा निकाल लागलाच नाही. मी काही हरलेले नाही, एवढं लक्षात ठेवा.

मग ते पत्र आलं. बाईंचं शेवटचं. त्यात त्यांनी लिहिलं होतं की हात थरथरतो, आता मुलीकडे राहायला जातेय, यापुढे पत्र लिहिणं होईलसं वाटत नाही. आणि जाता जाता त्यांनी एक बार्लो पाठवला होता. वय जुळतं, धंदा जुळतो, गाव सोडून गेल्याची नोंदही आहे. मी कणीक मळत होते. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मोठ्याने वाचत होतात. सॅम्युएल, विल्यम बार्लोचा मुलगा, बाप चाकं करणारा, आणि पुढे त्या गावाचं नाव. मी म्हटलं, अहो, हात माखलेत माझे, गॅस बारीक करा आधी. तुम्ही गॅस बारीक केलात आणि म्हणालात, सगळं जुळतंय, पण बाप विल्यम. आपला नाही.

आणि तो कागदही तुम्ही बाजूच्या गठ्ठ्यात टाकलात.

गेल्या ऑगस्टात इराकी फौज आली तेव्हा तुमची पत्रं दोन गठ्ठ्यांत होती, ‘आपले’ आणि ‘आपले नाहीत’. मी रोज हॉस्पिटलात जात होते, तुम्ही जमईयासमोर, त्या सहकारी दुकानासमोर, खुबूस रोटीसाठी रांगेत उभे राहत होतात. मग बसेस सुटायला लागल्या, बसऱ्यावरून बगदाद, तिथून अम्मान, तिथून विमानाने मुंबई. इंग्रज आणि अमेरिकन लोकांना मात्र पकडून नेत होते. आपल्या खालच्या मजल्यावरचा गोरा इंजिनिअर दिवसेंदिवस पडदे लावून आत बसला होता, तुम्हीच त्याला भाकरी द्यायचात. तेव्हाच मी म्हटलं होतं, पासपोर्टवर बार्लो आहे, डोळे घारे आहेत, उन्हातान्हात सांभाळून राहा. तुम्ही म्हणालात, पासपोर्टवर अशोकस्तंभ आहे.

सरहद्दीजवळच्या नाक्यावर बस थांबली. पोरगेलासा अधिकारी वर आला. पासपोर्ट बघत बघत आपल्यापाशी आला आणि थांबला. तुमचं तोंड बघितलं, नाव बघितलं. विचारलं, “बार्लो? इंग्लिझी?” आणि अहो, मी तुमच्या मांडीला चिमटा काढला होता. जोरात काढला होता. तुम्हाला फक्त ‘ला, हिंदी’ म्हणायचं होतं, नाही, भारतीय, एवढंच. कुवेतमधल्या भाजीवाल्याशीही तुम्ही तेवढं अरबी बोलत होतात.

तुम्ही म्हणालात, “मी हिंदी. माझे पणजोबा इंग्रज होते.”

त्याला पणजोबा कळला नसेल, इंग्रज कळलं. तुम्हाला दंडाला धरून खाली उतरवलं. मीही उतरले. बस निघून गेली, आपल्या बॅगा टपावर घेऊन. तुम्हाला एका शाळेच्या आवारात नेलं, बूट काढायला लावले आणि ऑगस्टच्या वाळूत उभं केलं. मी भिंतीबाहेर बसून होते. दुसऱ्या दिवशी एक वयस्क अधिकारी आला, त्याने पासपोर्ट उलटापालटा केला, हसला आणि ‘रूह, हिंदी’, म्हणजे चल नीघ, म्हणून तुम्हाला हाकलून दिलं. एवढंच. त्याला तुमचा पणजोबा नको होता आणि तुम्हीही नको होतात.

डायबेटिसच्या माणसाचे भाजलेले तळवे बघून नर्सला काय वाटतं ते मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही. मी दुसरंच बोलले. घरी येईपर्यंत भर रस्त्यात तुमच्यावर ओरडत होते, की एक नाही म्हणायला काय जात होतं, तो मेलेला सुतार तुम्हाला शिक्षा करायला उठणार होता का? तुम्ही लंगडत होतात आणि म्हणालात, “अगं, बायबलातल्या त्या शिष्यासारखं नाकारलं असतं तर कोंबडा आरवला असता.” मी म्हटलं, आरवू द्यायचा, कापून रस्सा केला असता. तुम्ही हसलात. अजूनही माझा राग गेलेला नाही. तुम्हाला वाटत असेल गेल्या माणसावर कोणी रागावत नाही. मी रागावलेय. त्या एका वाक्यासाठी मी तुमच्यावर मरेपर्यंत रागावणार आहे.

पाय जरा बरा झाला की पुढच्या बसने जाऊ, असं म्हणत राहिलो आणि पाय बरा झाला नाही. मग घरांच्या झडत्या सुरू झाल्या. इंग्लंड-अमेरिकेची पत्रं घरात ठेवणं म्हणजे पुन्हा ती शाळा. तुम्ही स्वतःच पातेलं मागितलंत. खुर्चीत बसून, पाय स्टुलावर ठेवून, एकेक कागद जाळलात. आधी ‘आपले नाहीत’चा गठ्ठा, न वाचता, एकदम. मग ‘आपले’, एकेक वाचून. आणि प्रत्येक कागद पेटवण्याआधी मला पाठ करायला लावलात. मी कुरकुरले. ज्या गोष्टीवर आयुष्यभर वैतागले तीच माझ्या डोक्यात भरायची! तुम्ही म्हणालात, “तुझं डोकं ते शोधून काढू शकणार नाहीत.” मग मी शहाण्या मुलीसारखी पाठ केली. बोट, बंदर, ओहायोतलं गाव, मिशनचं जहाज, सगळं. शाळेत वचनं पाठ करायचो तसं.

नंतरचं तुम्हाला सांगायला नको, तुम्ही होतातच. पण तुम्ही जे पाहिलं नाही ते सांगते. हॉस्पिटलातली कपाटं रिकामी होत गेली, मशिनं उचलून नेली, इन्सुलिन ठेवायच्या फ्रिजला वीज नाही. आधी एक बोट कापलं. मग पाऊल. तुम्ही म्हणालात, शमुवेल असता तर लाकडी पाय करून दिला असता. मी औषधाच्या खोलीत जाऊन रडले आणि तोंड धुऊन ड्रेसिंगचा ट्रे घेऊन परत आले. नर्सच्या नवऱ्याला निदान औषध तरी मिळावं की नाही? मी किती जणांचे पाय वाचवलेत, तुम्हाला माहीत आहे. तुमचा वाचवता आला नाही. याला काही समजूत नाही. पाळकसाहेब असते तर त्यांनी काही म्हटलं असतं, पण ते पहिल्याच बसने गेले होते.

बॉम्ब पडत होते आणि खिडक्यांना चिकटवलेला टेप थरथरत होता, तेव्हाची ती सकाळ. तुम्ही म्हणालात, म्हण. मी म्हटलं. भास्कर येशुदास. येशुदास दानियल. दानियल शमुवेल. शमुवेल जेम्स.

“जेम्स...?” तुम्ही विचारलंत.

मी म्हटलं, “त्याच्यापुढचं नाही हो माहीत.”

तुम्ही डोळे मिटलेत. दुपारी गेलात. ख्रिस्ती कबरस्तानात चौघांनी घाईघाईने खड्डा केला. त्यांतला एक रत्नागिरीचा इब्राहिमभाई, खालच्या दुकानातला, त्याने तुमच्यासाठी फातिहा म्हटला, कारण मला आपलं काहीच आठवेना. कबरीवरच्या फळीवर कोणीतरी इंग्रजीत लिहिलं, भास्कर वाय. बार्लो. मला तेव्हा त्यात काही खटकलं नाही.

आता ऐका. युद्ध संपलं, इंग्रजांची फौज आली आणि त्यांच्यातल्या काही नर्सेस आमच्या वॉर्डात मदतीला आल्या. त्यातली एक, केट म्हणून, मुलगीच आहे, गालांवर तीळ असलेली. काल बँडेज गुंडाळताना तिने माझा बिल्ला वाचला. सुमती भास्कर बार्लो. म्हणाली, बार्लो? हे तर आमच्याकडचं आडनाव! मी सांगितलं सगळं. पाठ होतंच. घडाघडा सांगितलं, बोट, बंदर, ओहायो. ती हातातलं बँडेज विसरून ऐकत होती. तुम्ही असतात तर तिला रात्रीच्या जेवणाला ठेवून घेतलं असतंत. शेवटी मी म्हटलं, एवढंच राहिलं, त्याचे वडील जेम्स बार्लो, ते काही सापडले नाहीत.

तिने विचारलं, वडिलांचं नाव जेम्स, हे कुठे मिळालं?

मी म्हटलं, त्याच्या नावातच आहे की.

तिने हातातलं बँडेज खाली ठेवलं. मग हळूच म्हणाली, की आमच्यात मधलं नाव वडिलांचं नसतं. कोणाचंही असतं. मामाचं, आजोबाचं, आईला आवडलं म्हणून ठेवलेलं. ती स्वतः केट रोझ. रोझ तिची आत्या. वडील डेव्हिड. असेलही तुमचा जेम्स बाप, म्हणाली, पण नसेलही.

मी बँडेज गुंडाळत राहिले. काय करणार होते? पेशंट थांबला होता. एवढी वर्षं, एवढे शुक्रवार, एवढी टपाल तिकिटं, तिकडे त्या थरथरत्या हाताच्या बाई, आणि कोणाच्याच लक्षात आलं नाही की नगरचा माणूस नाव नगरच्या पद्धतीने वाचतोय. त्या बाईंनी विचारलं होतं हो. आपण दोघं हसलो होतो.

आणि मग मला विल्यम आठवला. चाकं करणारा. वय जुळतं, धंदा जुळतो, गाव सोडल्याची नोंद आहे. तो आपलाच होता. तो आपल्या घरात येऊन, तुमच्या हातात पडून, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला होता. आणि तुम्ही त्याला न वाचता पातेल्यात घातलंत.

तुम्ही ‘जेम्स...?’ म्हणून विचारलंत तेव्हा मला ‘विल्यम’ म्हणता आलं असतं. तुम्हाला ते ऐकून जाता आलं असतं. मला हे कालपासून गिळता येत नाहीये.

कालपासून मी ते गाव आठवतेय. विल्यमचं गाव. मोठं नव्हतं, दोन शब्दांचं होतं, मधे कुठेतरी ‘व’ होता असं वाटतं, नसेलही. ड्रेसिंग करताना आठवते, पाणी भरताना आठवते. केटने तिला येतील तेवढी गावांची नावं म्हणून दाखवली, बिचारी कितीतरी म्हणाली, मला प्रत्येक नाव तेच वाटलं आणि एकही तेच वाटलं नाही. त्या ग्रंथपालबाईंचा पत्ता पत्रांबरोबर जळला. त्यांच्या मुलीचं आडनावही आपल्याला माहीत नव्हतं. तुम्ही माझ्याकडून बोट पाठ करून घेतलीत, बंदर पाठ करून घेतलंत, जेम्स पाठ करून घेतलात. जे खरं होतं तेवढंच पाठ करून घेतलं नाहीत.

जाताना केटने आणखी एक विचारलं. तुमच्या नावात मधे भास्कर आहे, ते तुमच्या आईकडचं नाव का? मी म्हटलं, नाही, तो माझा नवरा आहे. तिला वाटलं मला इंग्रजीत ‘होता’ म्हणायचं होतं. मी दुरुस्त केलं नाही.

आज सकाळी इब्राहिमभाईला घेऊन कबरस्तानात गेले. रंगाचा डबा त्याच्याच दुकानातला. ‘वाय.’वर काळा रंग फिरवला आणि खाली मराठीत पुरतं लिहिलं: भास्कर, येशुदासचा मुलगा. कोणी घारा माणूस शंभर वर्षांनी शोधत आलाच, तर त्याने तरी चुकू नये. पण येणार कोण? आपल्यामागे कोणी नाही. मी रंगाचा ब्रश पुसत उभी होते आणि धुरामुळे समोरच्या कबरीही दिसत नव्हत्या. मुंबईची विमानं सुरू झाली की मी जाणार. तुम्हाला इथे, वाळूत, या काळ्या आभाळाखाली ठेवून जाणार. शमुवेल निदान निवडुंगात आहे, तिथे त्याला एक पणतू तरी आला.

अहो, त्या गावाचं नाव काय होतं? पुन्हा एकदा दारात उभे राहा आणि वाचून दाखवा. गॅस बारीक केलाय. माझे हात आता मोकळे आहेत.